अकराचा फोन

वाकडं झाकण लागलेली बाटली तिने पट्ट्यावरून उचलून क्रेटमध्ये टाकली, आणि तेवढ्यात काचेच्या केबिनमधला फोन वाजला. तिने हात वर केला. पट्टा थांबला. औषधाच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या आणि ओळीतल्या सगळ्या बायकांचे मास्कवरचे डोळे तिच्याकडे वळले.

"जा, तुमचाच असणार," सुपरवायझर वैतागून म्हणाला. "या महिन्यातली सहावी वेळ. आठ झाल्या की मला वर कळवावं लागेल, आणि मग ते तुम्हाला पट्ट्यावर ठेवायचे नाहीत."

केबिनचं दार नीट लागत नसे. आत ती काय बोलते ते रोज अख्ख्या ओळीला ऐकू जायचं.

"आई, मी इथेच आहे, कामावर. गॅस बंद आहे. किल्ली काकूंकडे आहे. मी पाचला येते. नाही, बाहेर जायचं नाही! अगं, कितीदा सांगू?"

शेवटचं वाक्य मोठ्याने गेलं. रोजच जायचं.

शेजारच्या काकू सकाळी आईजवळ बसायच्या आणि पावणेअकराला स्वतःच्या घरी जायच्या, त्या जेवणाच्या वेळी परत डोकावायच्या. मधल्या वेळात आईच्या डोक्यात यायचं, की आपली मुलगी हरवली. घरच्या फोनच्या एका बटणाला लाल पट्टी लावलेली होती. ते दाबलं, मुलीचा आवाज कानावर पडला, की आई मुकाट बसून राहायची. नाही पडला तर शोधायला निघायची. दोनदा निघाली होती. दुसऱ्या वेळी ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. बाहेरून कुलूप लावून पाहिलं, तर आईने खिडकीची काच फोडून हात कापून घेतला. मध्ये एकदा सुपरवायझरने फोन उचलला, तर पुरुषाचा आवाज ऐकून आईने त्याला पोलिसांत देण्याचा दम भरला.

ऑफिसच्या भिंतीवर नवा फलक लागला होता: 'घरी आजारी माणूस आहे? आम्ही तुमच्यासोबत आहोत.' त्याच दुपारी ती तिकडे गेली. टेबलामागच्या बाईंनी चार पानी फॉर्म पुढे सरकवला.

"दर शनिवारी वर्ग असतो. दीर्घ श्वास घ्यायला शिकवतात. खूप फरक पडतो हो."

"मॅडम, श्वास मी घेतेय. मला अकराला दोन मिनिटं हवीत. तेवढ्यापुरतं कोणीतरी माझ्या जागी उभं राहायला हवं. पट्टा थांबायला नको, एवढंच."

बाईंनी चारही पानं उलटून पाहिली. "असा रकानाच नाहीये यात."

"मग काढा ना रकाना!"

"वर पाठवते," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्याचाच तिला जास्त राग आला; भांडायलाही कोणी मिळेना.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा तिचा हात वर गेला खरा, पण सुपरवायझरने बोटांनी सात दाखवले. हात तसाच अधांतरी राहिला. फोन वाजत होता. तिच्या डोळ्यांपुढे रस्ता आला. तेवढ्यात बाटल्या खोक्यात भरणारी रेडिओ, जिचं तोंड पाळीभर बंद नसे म्हणून हे नाव, चहाचा कप घेऊन सरळ केबिनमध्ये शिरली. तिच्या तुकडीचा चहा अकराला असायचा. काचेपलीकडे तिने फोन उचलला, मान डोलावली, हसलीसुद्धा. पट्टा चालू राहिला.

"काय सांगितलंस तिला?"

"तू सांगतेस तेच. गॅस, किल्ली, पाचला येते. ओळीतल्या सगळ्यांना पाठ आहे."

"आणि तिला कळलं नाही?"

रेडिओ पहिल्यांदाच बोलायला अडखळली. "नाही गं. म्हणाल्या, आज किती गोड बोलतेस. बरं नाही का तुला?"

"म्हणजे मी वाकडं बोलते?" ती उसळली. "पहाटे उठून तिचं सगळं करायचं, इथे येऊन दोन मिनिटांसाठी लोकांच्या पाया पडायचं, आणि वर गोडही बोलायचं? तुला काय जातंय गोड बोलायला!"

"काहीच नाही," रेडिओ म्हणाली. "म्हणून तर जमतं."

तीन आठवडे हेच चाललं. सुपरवायझरचा आकडा सहावरच राहिला. आई घराबाहेर पडली नाही. काकू म्हणाल्या, हल्ली फोननंतर डोकावलं की गाणं गुणगुणत असतात. संध्याकाळी जेवण भरवताना आई तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

"तेवढ्या घाईने नको भरवूस," एकदा म्हणाली. "माझी मुलगी येईलच आता. ती भरवेल."

"मीच तुझी मुलगी आहे. गीळ."

चौथ्या आठवड्यात ऑफिसातल्या बाई स्वतः पट्ट्यापर्यंत आल्या. कागदावर सही होती, शिक्का होता. रोज अकरा ते अकरा वाजून दोन मिनिटं, तपासणीच्या जागी सुपरवायझर उभा राहणार. बाईंचा चेहरा फुलला होता. "खूप पाठपुरावा केला हो मी."

"आभारी आहे," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

फोन वाजला. सुपरवायझर कुरकुरत तिच्या जागी आला. केबिनमध्ये जाऊन तिने मास्क उतरवला, घसा साफ केला. आज ओरडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"हं आई, बोल."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी."

"मी कोण? माझ्या मुलीला द्या हो. ती बोलते रोज या वेळेला." आईचा आवाज थरथरायला लागला. "आली नाही का आज? कुठे गेली? थांबा, मीच बघून येते."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आलीये, आलीये!" ती घाईने म्हणाली. मग आवाज जमेल तितका मऊ केला. "तुम्ही बसा, आजी. इथेच आहे ती. बोलावते हं."

रिसीव्हरवर तळहात दाबून तिने पायाने दार ढकललं आणि रेडिओला हाक मारली.