साडेदहाच्या गाडीचं इंजिन

समन्वयकसाहेबांचा छत्तीस पानी अहवाल तयार होता आणि त्यातलं निम्मं स्वतःचंच कौतुक होतं, हे एकांतात त्यांनाही मान्य होतं. उरलेल्या निम्म्यात बैठकांचे फोटो होते. फोटोंत मधोमध कोण, हे सांगायला नकोच.

विषय होता दोन राज्यांच्या हद्दीवरच्या जोडबसचा. अलीकडची गाडी हद्दीवरच्या थांब्यापर्यंत जायची, पलीकडची तिथवर यायची. प्रवासी उतरायचे, वीस पावलं चालायचे आणि समोरच्या गाडीत बसायचे. दोन महामंडळं, दोन गणवेश, दोन तिकिटं आणि पाच वर्षांत एक भांडण नाही. हे टिकलं कशामुळे, असं मुख्यालयाने विचारलं होतं. उत्तर पटलं तर आणखी पाच वर्षं, नाहीतर सेवा बंद. खात्री करून घ्यायला बुधवारी तपासनीस स्वतः येणार होते.

सेवा बंद झाली असती तर पहिला फटका साहेबांच्याच घराला बसला असता. आई अंथरुणाला खिळलेली. औषध घ्यायची ती फक्त लेकीच्या हातून, आणि लेक, म्हणजे साहेबांची थोरली बहीण, हद्दीपलीकडे दिलेली. ती रोज सकाळी याच जोडबसने यायची, संध्याकाळी परत जायची. साहेबांनी चमचा पुढे केला की आई तोंड फिरवायची. त्यांचा इतका अपमान मुख्यालयानेही कधी केला नव्हता.

मंगळवारी आईला भरवता भरवता ताईने अहवाल चाळला.

"'काटेकोर वेळापत्रक' हे काय रे?"

"मी बनवलंय ते. त्यावरच तर सगळं चाललंय."

"अरे बाबा, त्यावर चाललं असतं तर आठवड्यातून तीनदा माझी गाडी चुकली असती! आमची गाडी रेल्वे फाटकात अडकतेच. तुमचा ड्रायव्हर थांबतो म्हणून मी येते."

"थांबतो? थांबायला सक्त मनाई आहे. माझा लेखी आदेश आहे!"

"म्हणूनच बिचारा बॉनेट उघडून आत डोकं घालतो. आणि तुमची गाडी रखडली की आमच्या ड्रायव्हरबाई चाकांची हवा तपासत बसतात. सगळ्या गाडीला ठाऊक आहे."

साहेबांचे कान तापले. तीन वर्षं साडेदहाच्या गाडीच्या लॉगशीटवर दर दोन दिवसांनी 'इंजिन गरम' असा शेरा यायचा. त्यापायी त्यांनी दोनदा रेडिएटर बदलायला लावला होता, वर्कशॉपच्या फोरमनला चार खरमरीत पत्रं लिहिली होती, आणि 'या इंजिनामुळे हद्दीपलीकडे आपली नाचक्की होते' असं भाषणही ठोकलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. सगळ्यांत जोरात तो ड्रायव्हरच वाजवत होता.

"मग आता खरं लिहू?"

"लिही की. ड्रायव्हर घरी बसेल, मीही बसेन. आईला मग तूच भरव."

आईने डोळे उघडून साहेबांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

बुधवारी साडेदहा वाजले. तपासनीस हद्दीवरच्या थांब्यावर घड्याळ धरून उभे. पलीकडचा रस्ता रिकामा. ड्रायव्हर दोन्ही हात खिशात घालून साहेबांकडे बघत होता. नोकरी सगळ्यांनाच प्यारी असते.

"चला, काढा गाडी," तपासनीस म्हणाले. "वेळापत्रक काटेकोर आहे ना?"

इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी साहेब गाडीपुढे गेले आणि बॉनेटशी झटापट करू लागले. जन्मात कधी उघडलं असेल तर ना!

"साहेब, खटका खाली आहे," ड्रायव्हर हळूच कुजबुजला.

बॉनेट उघडलं. कोपरापर्यंत हात काळे झाले.

"इंजिन गरम झालंय," साहेब म्हणाले. ती छत्तीस पानं सोडली तर नोकरीतली ही त्यांची पहिलीच थाप, आणि तीही इतकी भिकार.

"किती वेळ लागेल?"

"पलीकडची गाडी येईपर्यंत," ते बोलून गेले. जीभ चावली, पण आता काय उपयोग! आईचा चमचा डोळ्यांपुढे नाचू लागला.

तपासनिसांनी पुढे होऊन रेडिएटरच्या टोपीवर तळहात ठेवला. टोपी जेमतेम कोमट होती. त्यांनी हात मात्र काढला नाही. सहा मिनिटं दोघे तसेच वाकून उभे होते. मग पलीकडून हॉर्न वाजला, लोक पिशव्या सावरत वीस पावलं आले, आणि ताई भावाचा अवतार बघून हसू दाबत गाडीत चढली.

तपासनिसांनी रुमालाला हात पुसले. "हे अहवालात लिहिलंय?"

"नाही, साहेब."

"लिहू नका," ते म्हणाले. "लिहिलंत की मला वाचावं लागेल."