वारलू विचारत फिरतो

लटारूने जाळं ओढलं तेव्हाच त्याच्या हाताला कळलं की आत रोहू नाही. रोहू जाळ्यात धडका मारतो. हे ओझं नुसतं वळवळत होतं. त्याने जाळं बोडीच्या काठावर घेतलं आणि चिखलात उलटं केलं. काळे, गुळगुळीत, लांब मिशांचे चार मांगूर बाहेर पडले आणि पाण्याकडे वळायचं सोडून, धान कापून रिकाम्या झालेल्या बांदीकडे सरपटू लागले.

त्याने आधी माशांकडे नाही, चहूकडे पाहिलं. दूर धानाच्या पुंजण्याजवळ कुणाची तरी बैलं उभी होती, माणूस नव्हता. मग त्याने काठीने चारही मासे ठेचले, चिखलात पुरले आणि पुन्हा जाळं फेकलं. पुन्हा तेच. आषाढात हौसेने आणून सोडलेल्या रोहू-कतल्याच्या पिलांपैकी एकही दिसेना. शेतातल्या त्या छोट्या तळ्यात आता फक्त मांगूर उरले होते आणि खायला दुसरं काही न राहिल्याने ते एकमेकांना खात होते.

हे मासे आले कुठून, असा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. लटारूला पडला नाही.

गावतलावातल्या मासळीचा ठेका गेल्या वर्षी वारलूकडे गेला होता. त्याआधी कितीतरी वर्षं तो लटारूकडे होता, इतकी की तलाव आपल्या बापानेच खोदला असं त्याला वाटू लागलं होतं. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत ढिवरांच्या घरांनी वारलूसाठी हात वर केले, त्यात लटारूच्या चुलतभावाचाही हात होता. वारलू काही चढेल माणूस नव्हे. बैठक उठल्यावर तो आपणहून जवळ आला आणि म्हणाला, दोघं मिळून करू. दोघं जाळं विणायला शिकले ते एकाच ओट्यावर, वारलूच्या बापाच्या पायाशी बसून. लटारूने हसून मान डोलावली. आतून मात्र त्याचा नुसता जळफळाट होत होता.

माशांच्या पिलांच्या गाड्या तेलंगणातून येतात. त्यातला एक गाडीवाला थाई मांगुराचं बीज चोरून विकायचा. त्या बीजाला सरकारची बंदी आहे, आणि का आहे तेही सगळ्यांना ठाऊक आहे: हा मासा पाण्यात पडला की बाकीचं काही शिल्लक ठेवत नाही. लटारूने त्याच्याकडून डबाभर बीज घेतलं आणि सांजेला, वाघाच्या भीतीने रानातली माणसं घरी परतली तेव्हा, पाळीवर चढून गावतलावात ओतून दिलं. मनातला बेत सोपा होता. एक-दोन हंगाम जाळी रिकामी आली की वारलू आपला गाशा गुंडाळणार आणि तलाव परत आपल्याकडे येणार. राहता राहिली स्वतःची बोडी. ती तलावाच्या सांडव्याच्या खाली होती, म्हणून त्याला तिची काळजीच वाटली नाही. पुराच्या पाण्यात मासा वर चढतो, आणि जो खाली येऊ पाहतो त्याला सांडव्यावरची बांबूची ताटी अडवते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पहिल्या पाण्याला सारी मासळी ओढ्याने जंगलाकडे चढते आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन तिच्यामागे धावतं. आयुष्यभर मासे धरलेला माणूस आयुष्यभराच्या शहाणपणावर विसंबला. फक्त हा मासा इथला नव्हता, त्याला हे शहाणपण कुणी शिकवलं नव्हतं.

बोडीचं नुकसान लटारूने मुकाट गिळलं असतं. त्याला धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. वारलू गावात दारोदार विचारत फिरत होता.

त्याचं झालं असं की वारलूच्या तलावाची धूळधाण झाली त्याच सुमारास त्याची बायको आजारी पडली. कुणाच्या तरी सांगण्यावरून तो तिला नागभीडला प्रार्थनेला नेऊ लागला. ती बरी झाली ती प्रार्थनेने की गोळ्यांनी, यावर गावात अजून दोन तट आहेत. वारलू मात्र जातच राहिला. वारलूला आता रविवार कळायला लागला, म्हणून पानठेल्यावर त्याची टिंगल व्हायची, आणि तोही हसायचा.

तिथले पास्टर प्रणित हे तरुण, हळू बोलणारे गृहस्थ. एका रविवारी ते पेरणी आणि कापणीवर बोलले. देवाच्या डोळ्यांत धूळ फेकता येत नाही, म्हणाले. माणूस जमिनीत जे घालतो त्याच्याच पेंढ्या बांधून घरी आणतो, मध्ये दिवस जातात म्हणून त्याला ओळख पटत नाही एवढंच. चांगलं पेरणाऱ्याने उशीर झाला तरी थकू नये, असंही ते पुढे म्हणाले होते, पण ते वारलूच्या कानात शिरलंच नाही. वारलूला एकच बीज ठाऊक, मासळीचं. आपण रोहूचं बीज सोडलं आणि हाती मांगूर आला. म्हणजे कधीतरी, कुणाच्या तरी दारात, आपण दुसरंच काही सोडलेलं असणार. ते काय, एवढंच त्याला आठवत नव्हतं. त्याला कुठे जायला पास्टरांनी सांगितलं नव्हतं. तो आपल्या मनानेच निघाला.

दारासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, मी तुमचं काही वाईट केलं असेल तर सांगा. पहिल्या दिवशी लोकांची करमणूक झाली. पानठेल्यावर बसणारा झिंगू म्हणाला, माझी कोंबडी तुझ्या कुत्र्याने नेली होती. वारलूने दुसऱ्या दिवशी कोंबडी आणून दिली. झिंगूने ती रस्सा करून खाल्ली, चारचौघांत किस्सा रंगवून सांगितला, आणि त्यानंतर वारलू समोरून येताना दिसला की तो वाट बदलू लागला. हळूहळू बऱ्याच जणांचं तसंच झालं. हा माणूस विचारून निघून जायचा आणि मागे घरातला जो तो आपलं स्वतःचं काहीबाही आठवत बसायचा. कुणी त्याच्यावर चिडलं, कुणी दार ओढून घेतलं. वारलू दिवसेंदिवस वाळत चालला आणि एकेक घर मागे टाकत लटारूच्या घराकडे येत राहिला.

सोसायटीच्या सेक्रेटरीने त्याला समजावून पाहिलं होतं. अरे, हे कुणीतरी मुद्दाम टाकलेलं बीज आहे, तक्रार दे, जिल्ह्याचे साहेब येतील, गाडीवाल्यांना धरून विचारतील. वारलू म्हणाला, आधी माझं मला शोधू द्या. सगळी घरं विचारून झाली आणि माझं काही निघालं नाही, तर मग तक्रार देतो. हे लटारूने पानठेल्यावर स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो गाडीवाला कसला माणूस होता हे त्याला चांगलं ठाऊक होतं. कपभर चहावर त्याने सगळी नावं ओकली असती. ढिवराने गावाच्या तलावात विष कालवलं म्हटल्यावर सोसायटीतून नाव जाणार, पाण्याला हात लावू देणार नाहीत, आणि जन्मभर ज्या ओट्यांवर बसला त्यातल्या एकाही ओट्यावर त्याला कुणी बस म्हणणार नाही.

बोडीवरून परतल्यावर त्याने हातपाय धुतले तरी अंगाला चिखलाचा वास येत राहिला. तो ओसरीवर बसला. घराच्या मागे सांदवाडीत त्याची बायको रंभा धान पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता.

दुपार कलल्यावर वारलू आला. ये बस, म्हटलं तरी बसला नाही.

"तूच राह्यला," तो म्हणाला. "मुद्दामच शेवटी ठेवलं तुले. भेव लागत होतं."

"काऊन?"

"तुझ्याच इथी निघालं तर मले सहन नाई होणार."

लटारूने त्याच्याकडे पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती, दाढी वाढली होती. नाही रे, तू माझं काय वाईट करणार, हे शब्द अगदी ओठांवर होते, आणि ते खरेही होते. पण ते बोलून टाकले की वारलू इथून निघून थेट सेक्रेटरीकडे जाणार होता. त्याला काहीतरी सापडायलाच हवं होतं. मोठं, पुन्हा शोधावंसं वाटणार नाही एवढं मोठं.

"निकेशचं," लटारू म्हणाला.

निकेश म्हणजे लटारू आणि रंभाचा एकुलता एक मुलगा. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. भाद्रपदातल्या एका सकाळी तो लुगड्याच्या फडक्यात बारके मासे धरायला सांडव्याखाली बसला होता. तलावातली मासळी वाहून जाऊ नये म्हणून सांडव्यावर बांबूची ताटी लावतात. तलाव तेव्हा लटारूकडे होता आणि वारलू त्याच्या हाताखाली काम करायचा. वर जंगलात खूप पाऊस झाला, ताटीला पालापाचोळा अडकून मागे पाणी फुगलं, ताटी मोडली आणि सगळा लोंढा एकदम खाली आला. तिचे मोडके बांबू दुसऱ्या दिवशी लटारूने स्वतः नाल्यातून उचलले होते. दोष कुणाचाच नव्हता. पण घरात भाजीला काही नाही म्हणून पोराला मासे आणायला रंभाने धाडलं होतं. तेव्हापासून ती मासे रांधायची, वाढायची, पण स्वतःच्या तोंडाला लावत नसे. लटारूने त्यावर कधी एक शब्द काढला नाही. न बोलणं हीच माया, असं त्याला वाटत आलं होतं.

"त्या दिवशी ताटी तू काढली होती," तो आता म्हणाला. "मी पाह्यलं होतं. कोणाले बोललो नाई."

वारलूने आपले दोन्ही हात पुढे घेऊन पाहिले.

"मी तर बाजाराले गेलतो ना त्या दिवशी?"

"जायच्या आंधी."

"जायच्या आंधी," वारलू पुटपुटला. त्याचे डोळे कुठेतरी लांब गेले, आणि लटारूच्या देखत ती न घडलेली सकाळ त्याला हळूहळू आठवू लागली. "कचरा अडकला असंन. म्हणून काढली असंन मी. मले आठवत नाई लटारू, पण काढली असंन."

एवढं सोपं जाईल असं लटारूला वाटलं नव्हतं.

वारलू खाली वाकला आणि त्याने लटारूच्या पायांवर डोकं ठेवलं. रडला नाही. उठला तेव्हा त्याचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा ओला आणि शांत दिसत होता. आता कुणाला काही विचारायचं नाही, तक्रारही द्यायची नाही, तो म्हणाला. तलाव तुझा तू घे, मी उद्याच सोसायटीत सांगतो, त्या पाण्यात पाय ठेवायचा मला आता हक्क नाही. मग तो वळला आणि आला त्याहून हळू चालत निघून गेला.

तो वळणाआड जाईपर्यंत लटारू बसून राहिला. जीव भांड्यात पडला होता. तलाव परत आला होता, तक्रार टळली होती, गाडीवाल्याचं तोंड बंदच राहणार होतं. सकाळपासून पोटात काही नाही हे त्याला आत्ता कुठे जाणवलं. भाकर वाढ, असं सांगायला त्याने आतल्या बाजूला मान वळवली, आणि सुपाचा आवाज थांबला आहे हे त्याच्या लक्षात आलं. कधी थांबला ते त्याला सांगता आलं नसतं.

रंभा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या केसांत, भुवयांवर कोंडा बसला होता. ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. ती वारलूच्या नावाने बोटं मोडेल, छाती बडवून घेईल, असं लटारूला वाटलं होतं, आणि त्यासाठी तो तयारही होता. पण ती वारलू गेला त्या वाटेकडे पाहतसुद्धा नव्हती.

"तुमी पाह्यलं होतं?" तिने विचारलं.

लटारूने हो म्हटलं. दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती.

"म्हणजे पह्यल्या दिवसापासून माहीत होतं तुमाले."

"हो."

रंभाने हातातला धानाचा दाणा नखाने सोलला, टाकून दिला.

"मंग मी धाडलं म्हणून मायं लेकरू मेलं, असं मले एवढे वर्ष काऊन वाटू देलं?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं, की लटारूने काहीच पाहिलं नव्हतं, आणि ते द्यायचं तर मांगुरापासून सुरुवात करावी लागली असती. ते न द्यावं, तर तिच्यासमोर बसलेला माणूस तिला इतकी वर्षं जाणूनबुजून जळत ठेवणारा ठरत होता, आणि तो माणूस त्याला आत्ता पहिल्यांदाच दिसत होता.

रंभा त्याच्या तोंडाकडे पाहत वाट बघत बसली. तिला कसलीच घाई नव्हती.