आबाजींचा टाक

छपराच्या कवेलूंच्या फटीतून येणारा सकाळचा प्रकाश आमच्या दुकानात कधी घाईने येत नसे. प्रथम तो मागच्या भिंतीवरच्या काजळीवर एक फिकट पट्टा होऊन थांबे. त्या पट्ट्यात शेगडीची राख संथपणे तरंगत राही. मग तो खाली सरके, तराजूच्या पितळी पारड्याला नुसता स्पर्श करून जाई, पाण्याच्या कुंडीशी थोडा रेंगाळे, आणि शेवटी आबाजींच्या रिकाम्या पाटावर येऊन बसे. त्यात विशेष काही नव्हते. मेहकरच्या प्रत्येक घरात त्या वेळी तो असाच उतरत असणार. पण त्या चैत्रात मी रोज त्याला शेवटपर्यंत पाहत बसे, कारण तो पाहत असेपर्यंत हातोडी उचलावी लागत नसे.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा मोतीराम सोनार, कार्तिकात वारले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही पूर्वजांना जेवायला बोलावतो. त्याआधी गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक घडवून देव्हाऱ्यात बसवायचा, ही घरची रीत. टाक म्हणजे तळहाताहून लहान पत्रा आणि त्यावर उठवलेली पूर्वजाची मूर्ती. टाक झाला नाही, तर आबाजींना त्या पंगतीत जागा नव्हती. चौदा कॅरेटच्या वरचे सोने घडवू न देणाऱ्या नव्या कायद्याने दुकानातले सोन्याचे काम आटले होते, हाताशी वेळ होता, आणि हा टाक मीच करीन असे मी हट्टाने ठरवून घेतले होते. तोही नेहमीसारखा तयार ठशावर ठोकून नाही. आबाजींचा हुबेहूब चेहरा मी छिन्नीने उठवणार होतो. त्यांचा फोटो कधी निघाला नव्हता. फोटो हवा कशाला, असे मी म्हणालो होतो. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसूनच तर मी काम शिकलो.

आता आखाजी उद्यावर आली होती. लाखेवर बसवलेल्या पत्र्यात पागोटे आले होते, उपरणे आले होते. हातोडी धरलेला हात तर असा उतरला होता, की त्याच्या शिरा पाहून माझेच डोळे भरून येत. पागोट्याखाली मात्र दर वेळी कोणी परका माणूस उगवे. मी त्याला ठोकून सपाट करी आणि पुन्हा आरंभ करी. त्या सकाळी नाक उठवता उठवता पत्रा फाटला.

"काऊन रे सहदेव, फाडला?" माझ्या वडिलांनी फुंकणी तोंडातून काढत विचारले.

"पत्राच कडक हाय, बाबा. बराबर तापला नाई."

"मीनंच तापवला होता ना बे तो!"

बाबांची थोरली बहीण, अन्नपूर्णा आत्याबाई, चहा घेऊन आल्या होत्या. त्या माझ्या खांद्यावरून वाकल्या. "अन् हे कोण होय? पोस्टमास्तर?"

"आबाजी," मी म्हणालो.

"अगं माय! माह्या बापाले पोस्टात चिकटवलं यानं!"

बाबा हसले. कार्तिकानंतर ते प्रथमच हसले, आणि असे हसले की फुंकणी हातातून गळून पडली. मला हसू आले नाही.

आत्याबाई जवळ बसल्या. "बरं, मले सांग. आबाजीच्या भिवईवर भाजल्याचा वण होता. कोण्या बाजूले?"

मी छिन्नीचे टोक कानशीवर घासू लागलो. "थांबा ना आत्याबाई. लाख गार होऊन राह्यली."

"उजव्या," त्या हळूच म्हणाल्या. "तू बसे त्याच बाजूले, लेका."

बाबा उठून आत गेले आणि देव्हाऱ्यातले टाक ताम्हणात घेऊन आले. "यातले माहे आजोबा कोणते, दाखव."

मी पाहिले. लांबट डोळे, सरळ नाक, बारीक मिशा. साऱ्यांना एकच चेहरा होता.

"मले बी नाई समजत," बाबा म्हणाले. "जुने झिजले तसे आबाजीनं आपल्या ठशावर नवे काढले. अमडापूरपासून लोणारपर्यंत लोकाइच्या देवात हेच तोंड बसलं हाय. गिऱ्हाईक म्हणे, माह्या बापाच्या मिशा झुपकेदार होत्या, तशा काढा. आबाजी म्हणे, नातू ओळखन रे, पण पणतू पुसन, हा कोण बुढा बसवला आमच्या घरात?"

"मंग आबाजीले बी हेच तोंड?"

"नाई तं काय," आत्याबाई म्हणाल्या, "पोस्टमास्तराले पुरणपोळी वाढू?"

या वेळी मीही हसलो.

बाबांनी कापडात गुंडाळलेला ठसा काढला. नवा पत्रा तापवून मऊ केला. मी तो ठशावर धरला, वर शिशाचा जाड तुकडा ठेवला आणि हातोडी मारली. पत्रा उचलून उलटा केला, तेव्हा त्यात एक पूर्वज शांतपणे उभा होता. तो अमडापूरकरांचा होता, लोणारकरांचा होता, आणि आता आमचाही. आत्याबाईंनी हात जोडून त्याला नमस्कार केला. आबाजींची जागा झाली होती.

बाबा आणि आत्याबाई उद्याच्या स्वयंपाकाचे बोलत आत गेले. मी टाकाच्या कडा घासत एकटाच बसलो. आबाजींची नखे मला आठवत होती, फुंकणीतून घुमणारा त्यांचा श्वास आठवत होता, चूक दाखवण्यासाठी पत्र्यावर टेकणारे बोट आठवत होते. ते बोलत, तेव्हा मी त्या बोटाकडे पाहून उत्तर देई. मान वर करण्याचा मला फार संकोच वाटे, आणि त्यांनीही ती कधी वर करायला लावली नाही.

आबाजींच्या चेहऱ्याकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते.