सातव्या दिवसापर्यंत चालू

मित्रांनो, माझ्या काचेला तडा गेला आहे आणि पाठीचे झाकण सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधलेले आहे, यावरून माझे वय तुम्ही ओळखालच. मी एक जुना मोबाइल आहे. सध्या एका कचेरीच्या कपाटात राहतो. इथे मला रोज न चुकता चार्ज करतात. एवढी काळजी माझी पूर्वी कोणी घेतली नव्हती, आणि या काळजीचीच मला भीती वाटते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पहिल्यांदा चालू केल्यावर मी जवळच्या मोबाइल मनोऱ्याला कळवले, "मी इथे आहे." तेच काम मी आजवर करत आलो. आजूबाजूच्या मनोऱ्यांनाही माझा संदेश पोचतो. कोणाला तो किती स्पष्ट मिळाला, हे जुळवले की मी नकाशावर सापडतो. त्यासाठी कोणाला काही बोलावे लागत नाही. खिशात, उशाखाली, पिशवीत मी गप्प दिसतो, तेव्हाही हे चालूच असते.

ब्रह्मदेशातल्या मंडालेत ऊ फो च्यान्त यांनी मला घेतले. ते सायकली दुरुस्त करत. सिमकार्डासाठी त्यांना ओळखपत्र द्यावे लागले आणि त्यांचे नाव कायमचे माझ्याशी जोडले गेले. त्याचे त्यांना काही वाटले नाही. पानाचा चुना लागलेल्या बोटांनी ते मला हाताळत आणि मग लुंगीला पुसत.

त्यांची बायको, दॉ म्या सेन, म्हणायची, "फोन एवढा पुसता, कधी माझा चष्मा पुसलात?"

"चष्म्यातून तुला माझे दोष दिसतात. यातून लेकीचा आवाज येतो."

लेक नीलार सरकारी इस्पितळात परिचारिका होती. सैन्याने राज्य हातात घेतल्यावर तिने नोकरी सोडली आणि गोळ्या लागलेल्यांवर लपून उपचार करू लागली. तिला पकडण्याचा हुकूम निघाला. तिने आपला फोन टाकून दिला आणि शेवया विकणाऱ्या विन मावशीबरोबर घरी निरोप धाडला : मी फोन करणार नाही, तुमच्या फोनवर त्यांचे लक्ष असेल. तरी म्हातारा मला उशाशी ठेवून वाट पाहत राहिला. एका पहाटे त्याचा हात माझ्यावरच थंड पडला.

आमच्याकडे माणूस गेला, तरी त्याचा जीव सात दिवस घरात वावरतो. त्याची चटई गुंडाळत नाहीत, पाण्याचा पेला हलवत नाहीत. सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण देऊन, थेंब थेंब पाणी ओतून, पुण्याचा वाटा त्याला देतात आणि मग तो निघतो. दॉ म्या सेनने मलाही बंद केले नाही. ती माझ्याशी बोलायची. मी ऐकायचो.

घरासमोरच्या चहाच्या दुकानात एक अनोळखी माणूस रोज बसू लागला होता. म्हणून सातव्या दिवसाचे जेवण इरावतीपलीकडच्या एका लहान विहारात ठरले. नीलार तिथे येणार होती. विन मावशीने सगळ्यांना बजावले, "फोन घरी ठेवायचे. चालू ठेवूनच. सगळे एकदम बंद झाले, तर तेही त्यांना दिसतं."

दॉ म्या सेनने आपला फोन टीव्हीशेजारी ठेवला. मग मला उचलले आणि उंबऱ्यावर उभी राहून हलकेच म्हणाली, "चला हो. नदीपलीकडे जायचंय. मागे राहू नका."

नावेत शहराचा मनोरा मंद होत गेला. पलीकडच्या मनोऱ्याने विचारले, आणि मी उत्तर दिले.

विहारात नीलार मागच्या दाराने आली. केस कापलेले होते. आईने तिचा गाल चाचपला. "हाडं राहिलीत नुसती. काय खातेस?"

"तुझ्या हातचं सोडून सगळं."

भन्ते मंत्र म्हणू लागले, पाण्याची धार सुरू झाली आणि मी वाजलो. अनोळखी नंबर. थोडा वाजून थांबला. मी चालू आहे की नाही, एवढेच कोणीतरी पाहिले होते.

नीलारचा चेहरा पांढरा पडला. "आई, हे काय आणलंस?"

"तुझ्या बाबांना आणलं. त्यांना घरी एकटं ठेवून मी जेवू?"

"फोन घरी ठेवा म्हटलं होतं ना, बाई?" विन मावशी पुटपुटली.

"माझा ठेवलाय की. हा त्यांचा आहे."

मावशीने मला बंद करायला हात पुढे केला. नीलारने तो धरला. "आता बंद केला, तर त्यांच्या नकाशावर शेवटची जागा हीच राहील. इथे भन्ते आहेत, तुम्ही सगळे आहात."

दॉ म्या सेनने मला मुठीत घेतले. मग उठली. "तर याला चालता ठेवते. म्हातारी नवऱ्याचा फोन घेऊन नदीवर आली होती, एवढंच."

"तुला अडवतील, आई."

"अडवू देत. तुझ्या बाबांबद्दल मी दिवसभर बोलू शकते. तू मागच्या वाटेने नीघ." ती थांबली. "जेवून जा म्हणणार होते. नको."

पाण्याचे भांडे अर्धेच रिकामे झाले होते.

ती मला घेऊन काठाकाठाने चालली. नकाशावरचा माझा ठिपका विहारापासून दूर सरकत गेला. धक्क्यावर शिपायांनी तिला अडवले. तिने त्यांना चाकाचे आरे कसे ताणतात, इथपासून सांगायला सुरुवात केली. शेवटी एक जण कंटाळून म्हणाला, "पुरे आजी, जा घरी." तिला सोडले. मला नाही.

"चालूच ठेव," साहेब दुसऱ्याला म्हणाला. "पोरगी कधीतरी या नंबरवर करेल."

"पण साहेब, बाप मेलाय तिचा."

"म्हणूनच. मेलेल्याला लोक फोन करतात."

मित्रांनो, मी नोकर चांगला आहे, पण मला गुपित ठेवता येत नाही. म्हणून जिथे कोणी लपले असेल, जिथे कोणी रडायला जमले असेल, तिथे मला नेऊ नका. मेलेल्या माणसाचा फोनही फोनच असतो, हे घरातल्या म्हाताऱ्यांना प्रेमाने समजावा. तुम्ही कुठे जाता आणि कोणाकडे बसता, हे तुमचे आहे. ते फुकट वाटू नका.

कधी एखादी जाहिरात येते आणि माझी काच उजळते. लगेच खुर्च्या सरकतात, कोणीतरी कपाट उघडून पाहते, पुन्हा लावते. अंधारात मी नीलारचा विचार करतो. ती कुठे आहे, मला ठाऊक नाही. जगात मला ठाऊक नसलेली ही एकच जागा आहे, आणि ती मला कधीही कळू नये.