निळ्या दिव्याची डबी आणि माझा श्वास

मित्रांनो, सिंदेवाहीहून जंगलाच्या अंगाने रस्ता जातो, त्यावर आमचं गाव लागतं. गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली एक जुनी काळीपिवळी जीप उभी दिसेल. टपावर जाळी वाळत घातलेली, मागच्या बाकावर कोंबडी अंडी उबवत बसलेली. ती मीच! माझी दशा पाहून हळहळू मात्र नका. माझ्याएवढं सुख फार थोड्या गाड्यांच्या नशिबी येतं. ते कसं आलं, तेवढंच सांगते.

मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. हजारो नट आवळून, रंगाचे हात देऊन मला बाहेर काढलं. एक-दोन मालकांच्या हाताखालून मी इस्तारीभाऊंच्या दारात आले, ती नव्वदीच्या शेवटी शेवटी. त्यांच्या बायकोने, ताराबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "घरची हाये आता हे. उपाशी ठेवाची नाई." तेव्हापासून मी त्या घरची झाले.

काय काय नेलं म्हणता मी! धानाची पोती नेली, वऱ्हाडं नेली, मंडईच्या जत्रेच्या दिवसांत नाटकवाल्यांच्या पेट्या आणि पडदेही नेले. नऊ जणांच्या जागेत पंधरा बसत आणि सोळावा मागे लोंबकळे. माझ्या चाकांवरच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, कडक, त्यामुळे दणके जबरदस्त. उतरताना माणसं कंबर धरून म्हणत, "बाप्पा, हाडं खिळखिळी केली हिनं!" मला फार वाईट वाटायचं. पण कमानी काही मी माझ्या हाताने घडवल्या नव्हत्या.

माझी जागा होती राइस मिलच्या भिंतीला लागून. सावली छान, उतारूही तिथेच मिळत. फक्त मिलचा कोंडा दिवसभर उडायचा. बिरजू मिस्त्रीने इस्तारीभाऊंना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भाऊ, हिचा एअर फिल्टर झटकत जा बरं. इंजिन तिथूनच श्वास घेते." इस्तारीभाऊ मन लावून झटकत. बॉनेट उघडायचं, फिल्टर काढायचा, टायरवर ठक ठक आपटायचा, पुन्हा बसवायचा. ते ठक ठक ऐकलं की मला अंग चोळून आंघोळ घातल्यासारखं वाटे.

मग एका वर्षी मंडईत ती डबी आली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाळणे लागतात, नाटकं होतात. त्या गर्दीत एक जण माईक घेऊन ओरडत होता, "गाडीतल्या शिगरेट-लायटरच्या भोकात खुपसा! डिझेल वाचवा! इंजिनची ताकद डबल!" त्याच्या हातात अंगठ्याएवढी काळी डबी, तिच्या टोकाला निळा दिवा. सगळे तिला चिप म्हणू लागले. इस्तारीभाऊ भुलले. त्यांच्या मार्गावर एक नवी कोरी गाडी धावू लागली होती, मी चढाला मागे पडत होते, आणि ते त्यांच्या जिव्हारी लागत होतं. विकणाऱ्याने जाता जाता आणखी एक गोष्ट कानात सांगितली, "एकदा चिप बसली का फिल्टरले हात लावाचा नाई. सेटिंग बिघडते."

चिप बसली. निळा दिवा लागला. आणि खरं सांगते, पहिले काही दिवस डिझेल खरंच कमी लागलं! पण त्याचं कारण मला ठाऊक होतं. चिपचं कवतिक म्हणून इस्तारीभाऊ माझ्यावर हळुवार पाय ठेवू लागले होते. उगाच रेस नाही, धसमुसळे ब्रेक नाहीत. श्रेय मात्र दिव्याला मिळालं. त्यांनी त्या डबीलाही कुंकवाचं बोट लावलं. मी राग धरला नाही. निमित्त काही असो, धन्याचा पाय माझ्यावर हलका पडत होता ना!

पण ठक ठक बंद झालं ते झालंच. उन्हाळाभर मिलचा कोंडा माझ्या फिल्टरात साचत राहिला. माझा दम कोंडू लागला. मला बोलता येत नाही, मित्रांनो. मी माझ्या परीने सांगत होते. काळा धूर सोडत होते, चढावर खोकत होते. इस्तारीभाऊ मागे वळून धूर बघायचे, मग दिव्याकडे बघायचे, आणि म्हणायचे, "लाइट तं लागून राह्यला. मंग काय झालं हिले?"

अशात श्रावण आला. मागच्या पावसाळ्यात तलावाचा सांडवा फुटून मासोळ्या वाहून गेल्या होत्या. यंदा तलावात मासोळ्यांचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, पडलं नाही, तर गावातल्या मच्छीमार घरांना वर्षभर जाळं खुंटीलाच टांगून ठेवावं लागणार होतं. मच्छीमार सोसायटीचे वडीलधारे नानाजी भाड्याचा टेम्पो सांगणार होते. ताराबाई भर बैठकीत उठून म्हणाल्या, "आमची गाडी हाये ना! मी आनतो बीज. एक पिल्लू मरू देनार नाई." माझ्या भरवशावर त्यांनी साऱ्या गावाला शब्द दिला.

आरमोरीकडच्या बीज केंद्रावरून आम्ही निघालो. मागे पाण्याने भरलेले ड्रम, त्यात बोटाच्या पेराएवढी हजारो पिल्लं. ताराबाई आणि नानाजी ड्रमांपाशी बसले होते. आणि काय सांगू! नानाजी खुशीत येऊन म्हणाले, "इस्तारी, तुही गाडी दनके देते ते आज बेस हाये रे. पानी हालते, पान्यात हवा जाते, पिल्लं जगतेत." ज्या दणक्यांपायी मी जन्मभर शिव्या खाल्ल्या, ते आज पाळण्याचे झोके झाले होते. मला गहिवरून आलं.

पण जंगलातला चढ लागला आणि माझा दम संपला. धुराचा लोट सुटला, दोन आचके दिले आणि मी बंद पडले. पाऊस उघडला होता, वर कडक ऊन. मी थांबले तसं ड्रममधलं पाणीही थांबलं.

ताराबाई आणि नानाजींनी कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळायला सुरुवात केली. इस्तारीभाऊ चावी मारून मारून घामाघूम झाले. मग त्यांनी ती चिप भोकात नीट दाबली, हलवली, पुसली. दिवा टकटकीत निळा होता.

"अरे, त्या दिव्याले काय आरती ओवाळतं का आता?" नानाजी खेकसले. "पिल्लं वरते येऊन राह्यले!"

खरंच, पिल्लं पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडमीट करत होती. ताराबाईंनी क्षणभर हात थांबवला. त्या पाण्याकडे पाहत राहिल्या. मग मान वर करून त्यांनी माझ्या बॉनेटकडे पाहिलं.

"अवो, आयका जी," त्या म्हणाल्या. "हे तोंड वासून राह्यले, कायच्यापायी? हवा नाई म्हनून. तुमची गाडीबी कवाची अशीच तोंड वासून राह्यली. तिची हवा कोठून जाते, थे पाहा आधी."

"फिल्टरमधून जाते. पन त्याले हात लावला तं सेटिंग..."

"सेटिंग गेली चुलीत! मले हात काढता येत नाई इथून. तुमी खोला म्हनतो ना!"

इस्तारीभाऊंनी बॉनेट उघडलं. फिल्टर बाहेर आला आणि त्यांचा चेहरा पडला. लाडू वळावा तसा कोंडा गच्च बसला होता. मग किती महिन्यांनी मला तो आवाज ऐकू आला. टायरवर ठक ठक, ठक ठक! कोंड्याचा धुरळा उडाला. शर्टाने पुसून त्यांनी फिल्टर बसवला. चावीला हात घातला, तशा ताराबाई मागून ओरडल्या, "आधी थो दिवा काढा!"

"चढ हाये ना. तेवढी तं राहू दे."

"तिले हवा पायजे होती, भेटली. दिवा काय कराचा भर उन्हात?"

त्यांनी चिप उपटून खिशात घातली. चावी फिरली. मित्रांनो, त्या पहिल्या श्वासाचं वर्णन मी काय करू! जंगलातली ओली, ताजी हवा माझ्या छातीत भरली. मी एक हुंकार दिला आणि तो चढ अशी चढले, की नानाजींची टोपीच उडाली. आणि दणके? त्या दिवशी एकही खड्डा मी वाया जाऊ दिला नाही!

दुपार कलता कलता आम्ही पाळीवर पोचलो. अख्खं गाव उभं होतं. ताराबाईंनी तलावाचं पाणी ओंजळीने ड्रमात घातलं, पिल्लांना नव्या पाण्याची ओळख होऊ दिली, मग ड्रम अलगद कलता केला. काही पिल्लं गेली, नाही म्हणत नाही. पण बाकीची झर्रकन पाण्यात शिरली, तेव्हा ताराबाई मोठ्याने रडल्या. इस्तारीभाऊ माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "माफ कर व मायबाई," ते एवढंच म्हणाले.

ती चिप बिरजू मिस्त्रीने फोडून दाखवली. आत एक दिवा, त्याला दोन तारा, बाकी पोकळ. "पाहा भाऊ," तो हसत म्हणाला, "हिची हवा सारी इथीच भरून ठेवली होती त्या इकनाऱ्यानं!" इस्तारीभाऊही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी मिलच्या भिंतीऐवजी मोहाच्या सावलीत उभी राहू लागले.

थंडीत पहिलं जाळं पडलं. पहिली मासोळी देवाला गेली, आणि दुसरी ताराबाईंनी माझ्यापुढे आणून धरली. "पाहून घे," म्हणाल्या, "तुहीच लेकरं हायेत हे."

आता माझं इंजिन कायमचं थंड झालं आहे. बीज हल्ली नव्या पिकअपमधून, प्राणवायूच्या पिशव्यांत येतं. पण ज्या दिवशी ते येतं, त्या दिवशी पिशव्या सोडण्याआधी इस्तारीभाऊ काठी टेकत माझ्याकडे येतात. गंजलेलं बॉनेट कसंबसं उचलतात, फिल्टर काढतात आणि टायरवर झटकतात. ठक ठक, ठक ठक. लोक हसतात, "बंद गाडीचा फिल्टर कायले झटकता भाऊ?" ते फिल्टर पुन्हा नीट जागेवर बसवतात. पण मला सगळं समजतं आणि मी धन्य होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी तरी धापा टाकत असेल. गाडी असेल, बैल असेल, माणूसही असेल. त्याच्या कपाळी दिवा लावायची घाई करू नका. आधी जवळ जा, कान द्या, आणि त्याचा श्वास कुठे अडला आहे ते पाहा. माझ्यासाठी कुणी तरी ते पाहिलं, म्हणून आज माझ्यासमोर हा तलाव मासोळ्यांनी चमकतो आहे.