कावळ्याला दिलेला शब्द

दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. तोंडवलीच्या खाडीकाठी ऊन चढत चाललं होतं. माडांवर कावळे बसून होते, पण खाली एकही उतरत नव्हता. गुरुजींच्या पुतण्याने, सुशांतने, हात जोडून सगळं सांगून पाहिलं. आंब्याच्या कलमांची निगा राखू, काकीला एकटं टाकणार नाही. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजींचो जीव त्या गोऱ्या मुंगसात अडकलो आसतलो."

दोघे-तिघे हसले. गुरुजींची मुलगी शर्मिष्ठा मात्र पुढे झाली. "बाबा, चानीला कापू देणार नाही. तुम्ही ठेवलीत तशीच ठेवीन."

आणि कावळा उतरला.

चानी म्हणजे बाबांची फेरेट. मुंगसाच्या अंगलटीची, फिकट रंगाची, झोपाळू मादी. गोव्यात हॉटेल चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती आणून दिली आणि बाबांनी तिला खारीचं मालवणी नाव ठेवलं. जामसंड्याच्या पशुवैद्य डॉक्टर नम्रता पहिल्यापासून सांगत होत्या, हिचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकू या. बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "मुक्या जिवाक कित्याक कापूचा?"

बाबांचं ऐकायची शर्मिष्ठाला सवयच होती. एका रात्री बाबा छातीत जळजळतंय म्हणाले तेव्हा तिने गाडी काढली होती. "पित्त आसा गो बाय, माका काय एक झाला नाय," ते म्हणाले आणि तिने गाडी परत आत लावली. पहाटे ते गेले. त्या गाडीबद्दल पुढे कोणी काही बोललं नाही. आईसुद्धा नाही.

होळीनंतर चानी माजावर आली आणि तो माज काही उतरेना. शेपटीचे केस झडले. हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या. शर्मिष्ठा रोज तिचा ओठ उचलून बघे, आणि रोज तिला तो कावळा आठवे.

"ह्या आजकाल जास्तीच निजता," आई, सावित्री, एकदा म्हणाली.

"उकाडा आसा गो. काय एक झाला नाय तिका."

बोलून झाल्यावर ते शब्द कोणाचे, हे तिच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने चानीची टोपली गाडीत ठेवली.

"नर भेटला नाही तर फेरेटच्या मादीचा माज आपसूक उतरत नाही," डॉक्टर नम्रता म्हणाल्या. "मग शरीर नवं रक्त बनवायचंच थांबतं. आधी का नाही आणलंत?"

शर्मिष्ठाकडे उत्तर होतं, पण ते दवाखान्यात सांगण्यासारखं नव्हतं.

रक्त तपासून डॉक्टर म्हणाल्या, "ऑपरेशन जमेल, पण जेमतेम. भुलीच्या वायूनेही फेरेटच्या रक्ताची पातळी उतरते. हलकी भूल देऊ आणि पटकन आवरू. उद्या पहाटे तिला खाऊ घाला, त्यानंतर तीन-चार तासच उपाशी ठेवा. रात्रभर पोट रिकामं राहिलं तर साखर उतरेल."

"बरी डाक्टरीण," आई घरी म्हणाली. "माणसांच्या डाक्टरांका तेवढा कळाक होया."

ऑपरेशनच्या वेळी शर्मिष्ठा उघड्या दाराबाहेरच उभी होती. आत चानीच्या तोंडावर चिमुकला मुखवटा होता. पंजाला लावलेला नाडी मोजायचा चिमटा सारखा निसटत होता आणि पडद्यावरचा आकडा येत-जात होता. मदतनीस दिव्याने पडद्याचा नाद सोडून छातीला स्टेथोस्कोप लावला.

"मॅडम, अंग गार पडतंय."

"ताई, हात धुऊन आत या," डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या. "कोमट पाण्याच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून तिच्या दोन्ही अंगांना लावा. गार झाली की बदला. आणि हिरडीचा रंग सांगत राहा."

"फिकट आहे. होती तशीच."

"सांगत राहा."

शर्मिष्ठाने पिशवी बदलली, ओठ उचलला, बरगड्यांकडे पाहिलं. बरगड्या वर येत होत्या, खाली जात होत्या. मग खाली गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"श्वास थांबला!"

"दिव्या, भूल कमी कर. फुगा दाब, हळू. ठोके?"

"आहेत. मंद आहेत."

शर्मिष्ठाची नजर त्या बरगड्यांवरून हलली नाही. त्या रात्री ती बाबांच्या शब्दांकडे बघत बसली होती, त्यांच्या छातीकडे नाही. इथे कोणी तिची समजूत घालणार नव्हतं. चानी काही म्हणणार नव्हती.

बरगडी हलली. थोड्या वेळाने पुन्हा हलली, या वेळी फुग्याशिवाय.

"घेतला," ती म्हणाली. "तिने स्वतःहून घेतला."

डॉक्टरांनी शेवटचा टाका घातला. चानी डोकं उचलू लागली तेव्हा त्यांनी तिला चाटवायला मांसाची पातळ पेज शर्मिष्ठाच्या बोटावर दिली. "आजचं निभावलं. रक्त भरून येतं की नाही, ते पुढच्या तपासणीत कळेल. वेळेवर आणली असतीत तर हे म्हणायची वेळ आली नसती."

"हो," शर्मिष्ठा म्हणाली.

घरी आई पायरीवरच बसली होती. टोपलीत डोकावून तिने चानीचं नाक हलताना पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "तेंका सांगलंस?"

"कोणाक?"

"तुज्या बाबांका. कावळ्याक शब्द दिललंस ना? मग मोडललंस ताय सांग."

शर्मिष्ठा केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाताचा घास घेऊन मागीलदारी गेली. तो गडग्याच्या दगडी भिंतीवर ठेवून तिने हात जोडले.

"बाबा, तुमचं ऐकलं नाही," ती म्हणाली. "तेव्हासुद्धा ऐकायला नको होतं."

माडावर काहीतरी फडफडलं. कावळा उतरला की नाही ते बघायला ती थांबली नाही. आत चानीच्या टोपलीतल्या कोमट पाण्याच्या पिशव्या गार होत आल्या होत्या.