डबी महागाची, गोळ्या स्वस्तातल्या

मित्रांनो, मला हातात घेऊन हलवलंत तर आता आतून काहीच वाजणार नाही. मी गोळ्यांची एक जुनी, रिकामी डबी आहे. पांढरं अंग, निळं झाकण आणि पोटावर नखाने खरवडल्याच्या खुणा. तिथे एके काळी मोठ्या कंपनीचं चकचकीत लेबल होतं आणि मला त्याचा भारी तोरा होता. पुढे त्या लेबलानेच घात केला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आम्हा बहिणींच्या पोटात रक्तदाबाच्या तीस-तीस गोळ्या भरल्या, लेबलं चिकटवली आणि खोक्यात बसवून गावोगाव पाठवलं. मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका औषध दुकानात उतरले. तात्यांनी छापील किंमत मोजून मला घरी नेलं. घासाघीस नाही, काही नाही.

तात्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत माल तपासायचे. लोखंडात केसाएवढी चीर असली तरी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. निवृत्त झाले तरी बाणा तोच. "चांगला माल पायजे तर दाम मोजायलाच लागतंय," असं ते येता-जाता म्हणत. पण पेन्शन तुटपुंजी होती, आणि पुण्याच्या मुलाकडे, पृथ्वीराजकडे हात पसरणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटे. महिनाअखेर गाठली जायची ती त्यांच्या बायकोच्या, कालिंदीकाकूंच्या हुशारीवर.

काकू बचतीत पक्क्या. रविवारच्या पेपरात औषध दुकानाचं कूपन दिसलं की कात्री हातात. सगळी कूपनं लग्नपत्रिकेच्या एका जुन्या पाकिटात, मुदतीप्रमाणे लावलेली. बुधवारी ज्येष्ठांना दहा टक्के सूट, म्हणून खोकल्याचं औषधसुद्धा बुधवारीच. तोवर खोकल्याने दम धरायचा! नेहमीचा दुकानदार ऋतुराज त्यांना लांबून बघूनच म्हणे, "आल्या बघा काकी. आता फुकटातला ब्रश काढायलाच लागतोय."

"मग? पेस्टवर ब्रश फुकट असं तूच लिवलंयस न्हवं? काढ की," काकू म्हणत.

एकदा डॉक्टर उदयसिंहांनी त्यांना सांगितलं की तात्यांचं हेच औषध जेनेरिक दुकानात पाव किमतीत मिळतं. काकू हरखून घरी आल्या. तात्यांनी मात्र एका वाक्यात विषय संपवला.

"असली हलकी गोळी मी तोंडात घालणार न्हाय. सांगून ठेवतोय."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. पण मित्रांनो, आपल्याकडे रिकामा डबा कोणी टाकून देतं का? काकूंच्या स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या डब्यात मोहरी होती आणि बिस्किटांच्या डब्यात तूरडाळ. त्याच फळीवरून त्यांनी मला खाली काढलं.

ती दुपार मला अजून आठवते. आत तात्या घोरत होते. रेडिओ बारीक आवाजात चालू होता. काकू जमिनीवर ताटली घेऊन बसल्या, आणि जेनेरिक गोळ्यांच्या पट्ट्या दाबून एकेक गोळी मोकळी करू लागल्या. टक, टक, टक. मग पदराला हात पुसून त्यांनी त्या गोळ्या माझ्यात ओतल्या आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी गोळी उजेडात धरली. "बारीक झाली काय गं ही?"

"कंपनीनं आकार बदललाय," काकू चुलीकडे तोंड करून म्हणाल्या.

"कंपन्यापण काटकसर करायल्यात आता," असं पुटपुटत तात्यांनी ती गिळली.

अशी सहा वर्षं गेली. दर महिन्याला एक दुपार माझी आणि काकूंची असे. तात्यांचा रक्तदाब ताब्यात राहिला. ते मला टिचकी मारून म्हणत, "बघ, दाम मोजलं की गुण येतोय!" काकू हसू दाबत, आणि मीही ते कौतुक निलाजरेपणाने स्वतःकडे घेई. माझ्या आयुष्यातले तेच सोन्याचे दिवस.

मधल्या काळात डॉक्टरांनी गोळीची ताकद निम्मी केली होती. पन्नास मिलिग्रॅमची गोळी बंद, पंचवीसची सुरू. दवाखान्यात तात्या नेहमी "हिला सांगा" म्हणून मोकळे होत. काकूंनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि माझ्यात पंचवीसच्या गोळ्या भरल्या. माझ्या लेबलावर मात्र पन्नासच राहिलं. तेव्हा ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

गेल्या वर्षी काकू मलकापूरला बहिणीकडे गेल्या. त्या बहिणीच्या, धोंडुबाईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं. आठ दिवसांचे बारा झाले आणि माझ्यातल्या गोळ्या संपल्या. फोन करून तिला कशाला घोर लावायचा, असं म्हणत तात्यांनी स्वतःच काकूंचं कूपनांचं पाकीट उघडलं. एका कूपनची मुदत त्याच दिवशी संपत होती. आयुष्यभर कूपनांना हसणारा तो माणूस कूपन आणि मला खिशात घालून बाहेर पडला.

ते दुकान ऋतुराजचं नव्हतं. तिथल्या माणसाने चिठ्ठी मागितलीच नाही. माझं लेबल वाचलं आणि पन्नासच्या तीन नव्या डब्या पुढे ठेवल्या. वीस टक्के सूट, वर टूथपेस्ट मोफत. घरी येऊन तात्यांनी ती टूथपेस्ट काकूंना दिसेल अशी टेबलावर उभी केली. नवी गोळी बघून तर ते खूशच झाले. "परत मोठी केली वाटतं कंपनीनं!"

मला ओरडायचं होतं. तात्या, ही दुप्पट आहे, घेऊ नका! पण डबीला कुठली वाचा?

तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते उंबऱ्यावर कोसळले. कपाळ फुटलं. शेजारच्या स्वप्नालीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. काकू मिळेल त्या एसटीने परत आल्या. रक्तदाब फार खाली गेला होता. घरून आणलेली नवी डबी वाचून "ही पन्नासची कोणी दिली?" असं डॉक्टरांनी विचारताच काकूंनी मला त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. तात्या शेजारच्या कॉटवरून ऐकत होते.

"काकू, तुमच्या स्वस्त गोळीनं सहा वर्षं चोख काम केलंय," डॉक्टर म्हणाले. "पण डबीवर एक आणि आत एक? थोडक्यात वाचलेत हे."

तात्यांना घरी आणलं. खुर्चीत बसून त्यांनी मला हातात घेतलं आणि कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघितलं.

"बोला की काय तरी," काकू म्हणाल्या. "शिव्या द्या. पण असं गप्प बसू नकासा."

"सहा वर्षं एकटीच हिंडलीस व्हय गं दुकानं?" तात्या म्हणाले. "तुला भाव कळतोय, मला माल कळतोय. दोघं मिळून गेलो असतो की!"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. तात्यांनी माझं लेबल नखाने खरवडून काढलं. मला दुखलं, पण पहिल्यांदाच हलकंही वाटलं.

आता गोळ्या पट्टीतच राहतात. तात्या चष्मा लावून पट्टीवरचं नाव, ताकद आणि तारीख चिठ्ठीशी ताडून बघतात, मग काकू सूट मागतात. मी खिडकीत रिकामी बसून असते. त्या दुपारची टक टक अजून हवीहवीशी वाटते, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, कूपनं कापा, सूट मागा, स्वस्त औषध डॉक्टरांना विचारून खुशाल घ्या. पण ज्याच्यासाठी घ्याल त्याच्यापासून लपवू नका. आणि घरात माझ्यासारखी एखादी डबी असेल, तर तिचं लेबल आजच काढा. आम्हाला बोलता येत नाही, आणि तुमची म्हातारी माणसं आमच्या अंगावर लिहिलेलं खरं मानतात.